कात्रणांची बादली

१

शनिवारी धुणं यंत्रात टाकून झालं की टॅमरा तळघरात उतरायची आणि सासूबाईंच्या कागदखोलीतला एकेक कप्पा रिकामा करून, पुसून, पुन्हा लावायची. सप्टेंबरात आर्डिथबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांना लोगन शहरातल्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं, आणि टॅमरा, तिचा नवरा कॉर्डेल व त्यांची मुलगी ब्रिनली भाड्याची जागा सोडून या घरात राहायला आले. तेव्हापासूनचा हा तिचा नेम. दुसऱ्याच्या व्यवस्थेतलं शहाणपण ओळखणं आणि त्यातली चूक काढणं, दोन्ही तिला सारखंच आवडे.

व्यवस्था चोख होती, यात वाद नव्हता. उत्तर युटातल्या त्या खोऱ्यात घरोघरी तळघरात वर्षभराचं धान्य साठवायची रीत आहे, आणि बहुतेक घरांत एखादी बाई धान्याइतक्याच निष्ठेनं फोटो चिकटवायच्या स्क्रॅपबुकचा कागदही साठवते. आर्डिथ जेप्सननं दोन्ही साठवलं होतं. जिन्याच्या उजवीकडे पीचच्या बाटल्या आणि गव्हाच्या पांढऱ्या बादल्या, डावीकडे कागदखोली. बारा इंची चौकोनी कागद एकावर एक न रचता पुस्तकांसारखे उभे लावलेले होते, म्हणजे कोपरे दुमडत नाहीत आणि हवा तो कागद ओढून काढता येतो. पांढऱ्यापासून सुरुवात, मग जांभळे, निळे, हिरवे, पिवळे, केशरी, लाल, असं करत शेवटी काळा. रिबिनी दांडीवर ओवलेल्या. कागदाचे आकार कापायचे पंच खणांत, आणि प्रत्येक खणावर आतल्या पंचानं उमटवलेला नमुना चिकटवलेला: पान, बदक, पाळणा. वरच्या बाजूला एकच अरुंद खिडकी. तिच्याबाहेर पत्र्यानं बांधलेला खड्डा, आणि त्यातून झिरपणारा करडा उजेड.

अशाच एका शनिवारी शेजारची जोलिन मदतीला आली होती. मदत म्हणजे खुर्चीवर बसून स्टिकर चाळणं.

"एवढा कागद!" जोलिन म्हणाली. "पुनरुत्थानाच्या दिवशी सगळी दफनभूमी उठून बसली ना, तरी प्रत्येकाचं एकेक पान करून होईल."

"तू फक्त ईस्टरचे स्टिकर ईस्टरच्या डब्यात टाक. बाकीचं पुनरुत्थान मी बघते."

"बघ बाई. विद्यापीठात शिकलेल्या तुम्ही." जोलिननं डबा बंद केला. "हे काय गं, तपकिरी कुठंय?"

टॅमरानं वळून पाहिलं. गडद लालसर कागदांनंतर एक रिकामा कप्पा होता, आणि त्यापुढे काळा. कप्प्यात धूळ नव्हती. कुणीतरी नेमानं पुसून तो रिकामा ठेवला होता.

"तपकिरीशिवाय स्क्रॅपबुक म्हणजे बटाट्यांशिवाय आपल्याकडचं मयताचं जेवण," जोलिन म्हणाली. "झाडाची खोडं कशाची केली असतील त्यांनी? घोडे, कुत्री, घरं?"

टॅमरानं एक आल्बम उघडला. झाडांची खोडं करड्या कागदाची होती. घोडा जांभळा होता. सगळे आल्बम तिनं याआधी चाळले होते, आणि हे तिच्या नजरेत आलं नव्हतं. नजरेत न आल्याचाच तिला जास्त राग आला.

त्याच दुपारी गव्हाच्या बादल्या नीट रचताना एक बादली तिच्या हाताला हलकी लागली. घट्ट झाकण खटकन उघडलं. आत गहू नव्हता. आत फोटोंची कात्रणं होती, हजारो असावीत. आकाशाचे तुकडे, गवताच्या चंद्रकोरी, पडद्याच्या पट्ट्या.

"अगंबाई!" जोलिन हसायला लागली. "ही आमच्या पापांची बादली. नव्वदच्या सुमाराला सगळ्याच वेड्या झालो होतो. हातात साचा आला की दिसेल तो फोटो कापायचो, लंबगोल काय, हृदय काय. माझ्या नवऱ्याचं लग्नातलं तोंड मी चांदणीत बसवलंय. एक कान गेला त्याचा."

"पण कात्रणं जपून कोण ठेवतं?"

"तेही खरंच," जोलिन म्हणाली, आणि तिचं हसू जरा आधीच थांबलं.

२

विद्यापीठाच्या अभिलेखागारात टॅमरा जुने फोटो दुरुस्त करण्याचं काम करायची. तिथं येणाऱ्या विद्यार्थ्यांना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगे: फोटोची कड कापू नका. चेहऱ्याकडे सगळेच बघतात. वर्ष, जागा, घरची ऐपत, सगळं कडेला असतं. कडेला काय महत्त्वाचं ते पुढच्या माणसाला ठरवू द्या.

म्हणून तिनं ठरवलं की हे फोटो जोडायचे. ब्रिनली जानेवारीअखेर आठ वर्षांची होणार होती आणि फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी तिचा बाप्तिस्मा. त्यांच्या चर्चमध्ये आठव्या वर्षी मूल बाप्तिस्म्याला पाण्यात उतरतं, तेव्हा घराण्याचे आल्बम टेबलावर मांडायची पद्धत होती. त्या आल्बमांत माणसं लंबगोलांत कोंबलेली नसावीत, पूर्ण असावीत, अशी टॅमराची इच्छा. ब्रिनली लग्नानंतर फार वर्षांनी झाली होती, आणि दुसरं होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्या एकुलत्या बाप्तिस्म्यासाठी तिला सगळं नीट हवं होतं.

दात साफ करायचा दोरा फोटोखालून सरकवून ती लंबगोल सोडवायची. कात्रणाची मागची छपाई जुळवायची, वळण वळणाला भिडवायची आणि पाठीमागून पातळ कागदानं सांधायची. काम शांत होतं. भिंतीपलीकडची, घर गरम ठेवणारी भट्टी मधूनच पेटायची, गरम हवा नळ्यांतून सरकायची, आणि बादल्यांपैकी एखाद्या झाकणाचं प्लॅस्टिक फुगून टक् असं वाजायचं. उष्णतेनं प्लॅस्टिक प्रसरण पावतं. ती मान वर करत नसे.

पहिला पुरा झालेला फोटो कॉर्डेलचा, चार-पाच वर्षांचा, चर्चच्या सहलीतला. उजव्या कडेनं एक बाही आत आली होती. तपकिरी. भिजलेल्या लाकडाचा असतो तो तपकिरी. मनगटाशी दोन बटणं, त्यांतलं खालचं अर्धं तुटलेलं.

दुसऱ्या फोटोत कॉर्डेलचा धाकटा भाऊ घसरगुंडीवर होता, आणि उजव्या कडेला तीच बाही. तिसऱ्यात नाताळ. चौथ्यात कुणाच्या तरी लग्नाचा मांडव आणि त्यात घरचंच एक लहान मूल.

टॅमरानं भिंग घेतलं. बटण तेच. सहलीतला फोटो सत्तरच्या दशकातला होता. लग्नातला निदान वीस वर्षांनंतरचा. एखादी काटकसरी मावशी एकच कोट वीस वर्षं घालू शकते. या खोऱ्यात तर नक्कीच.

संध्याकाळी तिनं कॉर्डेलला विचारलं.

"आमच्या कुठल्याही फोटोत कडेला कुणी ना कुणी असतंच," तो गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत म्हणाला. "आईला विचार. पण तिला फोटोंचं विचारलं की ती मॅरिलीवर जाते आणि मग दोन दिवस गप्प."

मॅरिली त्याची थोरली बहीण. बाप्तिस्मा झाला त्याच उन्हाळ्यात ती घरामागच्या कालव्यात बुडाली. कॉर्डेल तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याला ती आठवतही नव्हती.

टॅमरा पुन्हा खाली गेली. आता तिच्या लक्षात आलं ते तिनं क्रमानं मांडलं, कारण क्रमानं मांडलेली गोष्ट बहुधा साधी निघते. कापलेले सगळे फोटो लहान मुलांचे होते. मोठ्यांचे नव्हते. प्रत्येक मुलाचे फोटो कापलेले होते ते आठव्या वर्षापर्यंत, त्यानंतरचे अखंड. आणि कापण्याची सुरुवात जोलिन सांगत होती त्या फॅशनच्या कितीतरी आधी, मॅरिलीच्या मरणानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात झाली होती.

साधं काही निघालं नाही.

बादलीच्या अगदी वर, सगळ्यांत नवी कात्रणं ब्रिनलीच्या फोटोंची होती.

३

रविवारी चर्च सुटल्यावर ती एकटीच लोगनला गेली. आर्डिथबाई खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसून कागदी रुमालांच्या घड्या घालत होत्या. एके काळी चर्चच्या स्त्रीमंडळाच्या त्या अध्यक्ष होत्या, आणि अजूनही समोर बसलेल्या माणसाला आपण बैठकीला उशिरा आलो असं वाटे.

"कागदखोली लावते आहेस म्हणे. लाल कागद खिडकीसमोर ठेवू नकोस. रंग उडतो."

"नाही ठेवत. आई, एक विचारायचं होतं. फोटोंत कडेला एक बाई दिसते. तपकिरी बाह्यांची."

आर्डिथबाईंचे हात थांबले नाहीत. घडी पुरी झाली, मग त्यांनी विचारलं, "बादलीचं झाकण उघडलंस?"

"हो. फोटो जोडते आहे मी."

"किती जोडलेस?"

"बहुतेक सगळे झाले."

"हं." त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं. "अडाणीपणा करायला हल्ली डिग्री लागते वाटतं."

"मग तुम्ही सांगा ना. कोण आहे ती?"

"मला ठाऊक असतं तर नाव घेऊन हाकलली असती. मला कापता येत होतं. मी कापलं."

"आणि मॅरिलीच्या वेळी?"

खिडकीबाहेर धुकं होतं. त्या खोऱ्यात हिवाळ्यात थंड हवा झाकण लावल्यासारखी तळाशी साचून राहते, आणि दिवसच्या दिवस डोंगर दिसत नाहीत. आर्डिथबाईंनी पुढचा रुमाल घेतला.

"मॅरिलीच्या वेळी मला वाटायचं, फोटोत माणसं जितकी जास्त तितकं घर भरलेलं." मग एकदम, "पोरीचे फोटो भिंतीवर लावलेत?"

"लावलेत. जिन्यात."

"कडेपर्यंत?"

"आई, प्लीज."

"मी तुझ्याशी वाद घालत नाही, टॅमरा. माझ्यात तेवढं बळ नाही. काप म्हणते आहे मी. फोटो बाप्तिस्म्याआधी काप, आणि झाकण घट्ट लाव."

हिरव्या जेलीची वाटी घेऊन एक परिचारिका आली. आर्डिथबाई तिच्याशी हसून बोलल्या. टॅमराला त्यांनी निरोप दिला नाही.

गाडीत बसल्यावर टॅमरानं स्वतःला समजावलं. शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना भ्रम होतात. पोर गमावलेली बाई कशालाही अर्थ चिकटवते. बाही वीस वर्षं टिकू शकते. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या एकमेकींशी का जुळत नाहीत, हे तिला कळेना.

४

जिन्यात ब्रिनलीचे या वर्षीचे फोटो होते: कापणीच्या सणाचा, बर्फातला, नाताळच्या सकाळचा. टॅमरानं ते दुकानातून छापून आणले होते, आणि कडेला कुठंही तपकिरी नव्हतं. ती प्रत्येकापाशी थांबली. तिला हलकं वाटलं.

मग तिला आठवलं की फोनवर उभा काढलेला फोटो छापील कागदाच्या मापापेक्षा रुंद असतो. दुकानाचं यंत्र दोन्ही बाजूंची थोडी पट्टी न विचारता छाटतं. म्हणजे हेही फोटो कापलेलेच होते.

तिनं संगणकावर मूळ फोटो उघडले.

कापणीच्या सणात, परीच्या पोशाखातल्या ब्रिनलीच्या डावीकडे, अगदी काठावर, तपकिरी रंगाची एक रेघ होती. दाराची चौकट असेल. बर्फातल्या फोटोत ती रेघ रुंद झाली होती आणि तिला सुरकुत्या होत्या. त्या अंगणात दार नव्हतं. नाताळच्या सकाळी मनगट आत आलं होतं. दोन बटणं. खालचं अर्धं.

त्या सकाळी खोलीत ते तिघंच होते. फोटो टॅमरानं स्वतः काढला होता.

तिनं संगणक बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. ब्रिनली शाळेतून आली. दारातच तिचा डावा खांदा किंचित खाली झुकलेला होता.

"सरळ उभी राहा गं. दप्तर दोन्ही खांद्यांवर घ्यायला किती वेळा सांगायचं?"

"दोन्हीवरच आहे," ब्रिनली म्हणाली. आणि तसंच होतं.

संध्याकाळी कपडे वाळवायच्या यंत्राकडे जाताना कागदखोलीचं दार उघडं दिसलं. लाल आणि काळ्याच्या मधल्या कप्प्यात तपकिरी कड दिसत होती. कॉर्डेलनं कागद आणून ठेवला असावा. जोलिननं सांगितलं असेल त्याला. टॅमरानं आत जाऊन सवयीनं दोन बोटांनी तो कोपरा धरला आणि ओढला.

कोपरा मऊ होता. बोटांत क्षणभर तो ओलसर आणि जाड लागला, आणि मग सावकाश, घाई न करता, तो तिच्या चिमटीतून आत ओढला गेला.

कप्पा रिकामा होता. मागे भिंत होती.

"कॉर्डेल," तिनं जिन्यातून हाक मारली, "तू तपकिरी कागद आणलास का?"

"कसला कागद?" वरून आवाज आला. "मला त्या खोलीत पाय ठेवायची परवानगी तरी आहे का?"

५

तिनं बाप्तिस्मा पुढं ढकलायचं सुचवून पाहिलं.

"कारण काय सांगू बिशपांना?" कॉर्डेलनं विचारलं. तो चिडला नव्हता, खरोखर विचारत होता. "तुझे आईवडील आयडाहोहून निघालेत. पांढरा फ्रॉक शिवून झालाय. काय सांगू, टॅमरा?"

टॅमरापाशी सांगायला फक्त एक अर्धं बटण होतं.

शनिवारी सकाळी दिवाणखान्यात पियानोपाशी ब्रिनली पांढरा फ्रॉक घालून उभी राहिली. टॅमरानं फोटो नकोत म्हणून सांगितलं होतं. जोलिननं ते मनावर घेतलं नाही.

"एकुलती एक पोर, आणि बाप्तिस्म्याचा फोटो नाही? लोकं मला नावं ठेवतील, तुला नाही. ब्रिनली, इकडं बघ. खांदा सरळ कर राणी."

"सरळच आहे."

"बरं बाई, वाकडा तर वाकडा. हास."

चर्चच्या हौदात कॉर्डेल पांढऱ्या कपड्यांत कमरेइतक्या पाण्यात उभा होता. ब्रिनली पायऱ्या उतरली. पाण्यात उतरताना मुलं कठड्याला धरतात. तिनं डावा हात कठड्याला न लावता बाजूला, जरा वर धरला होता, रस्ता ओलांडताना मोठ्या माणसाच्या हातात देतात तसा. पाणी तिच्यावर मिटलं आणि उघडलं. सगळे हसले. टॅमराची आई रडली.

पहिल्या रांगेच्या कडेला आर्डिथबाईंची खुर्ची होती. त्या नातीकडे बघत नव्हत्या. तिच्या डावीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. ज्या बाईशी वर्षानुवर्षं बोलणं टाकलंय तिच्याकडे भर सभेत बघावं तसं.

जेवणाच्या वेळी त्यांनी टॅमराचं मनगट धरलं. "फोटो काढला का कुणी?"

"जोलिननं."

हात सुटला. "मग आता मी काय सांगणार," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची वळवायला लागल्या.

६

सोमवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. कॉर्डेल कामावर होता, ब्रिनली शाळेतून यायची होती. टॅमरा तळघरात गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा फोटो कापायला बसली.

आधी तिनं जोडलेले फोटो घेतले. स्वतःच्या हातानं सांधलेला प्रत्येक सांधा पाण्यानं भिजवून सोडवायचा, कात्रण बादलीत टाकायचं. पहिलं कात्रण तिनं टाकण्याआधी सहज पाहिलं. चर्चच्या सहलीतलं. गवत होतं आणि गाडीचं चाक. घसरगुंडीचं पाहिलं: वाळू. नाताळचं पाहिलं: पडदा. लग्नाच्या मांडवात नुसता मांडव होता. तिनं बादली उपडी केली, गुडघ्यांवर बसून तुकडे पसरले, मुठीमुठीनं उजेडाकडे धरले. आकाश, गवत, भिंती. तपकिरी कुठंच नव्हतं.

भट्टी पेटली, हवा नळ्यांतून सरकली. झाकणं वाजली नाहीत.

टेबलावर जोलिननं पाठवलेला लिफाफा होता. 'कडेपर्यंत छापून घेतलाय, तुला आवडतं तसा', असं तिनं वर लिहिलं होतं. टॅमरानं फोटो बाहेर काढला.

पियानो, पांढरा फ्रॉक, समोरचा एक दात पडलेलं हसू. उजव्या कडेनं बाही आत आली होती, आता कोपरापर्यंत, आणि तिच्या शेवटी हात होता. साधा, कामाचा, थोराड हात. नखं स्वच्छ. तो ब्रिनलीच्या डाव्या खांद्यावर ठेवलेला होता. बोटं पुढं, गळ्याच्या हाडापर्यंत आलेली. धरलेला नव्हता. नुसता ठेवलेला होता, आणि त्याखाली खांदा झुकला होता.

टॅमरानं सासूबाईंचे साचे घेतले. मोठा लंबगोल ठेवला. हात आत येत होता. मधला ठेवला, बोटं आत येत होती. लहानात खांदा बाहेर गेला, पण अंगठा जबड्याखाली राहिला. त्याहून लहान साचा आल्बममध्ये वापरलेला तिनं कधी पाहिला नव्हता. असलाच तर तो शोधायला ती साच्यांचा खण धुंडाळू लागली, आणि खणात नव्हता म्हणून कप्प्यांमागं. रिकाम्या कप्प्याच्या तळाशी, पुठ्ठ्याखाली, तिला तो मिळाला. त्याच्याबरोबर एक फोटोही होता.

त्यात एक मुलगी होती, ब्रिनलीएवढी, पांढऱ्या फ्रॉकात. रंग उडालेले. कॉर्डेलचे डोळे. मॅरिलीच असणार. खांद्यावर हात. फोटो कुठंही कापलेला नव्हता. पण पेन्सिलीनं त्यावर एक लंबगोल काढलेला होता, मग त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. इतके, की कागद चकाकत होता. सगळ्यांत आतला लंबगोल डोळ्यांभोवती होता. तिथं पेन्सिलीचं टोक कागदात रुतून थांबलं होतं.

टॅमरानं तो फोटो ब्रिनलीच्या फोटोशेजारी ठेवला. मग तिनं पेन्सिल घेतली. ब्रिनलीच्या फोटोवर साचा ठेवला. पहिली रेघ काढली. अंगठा आत. साचा सरकवला. दुसरी काढली.

"आई."

ब्रिनली दारात उभी होती. ती आल्याचं वरच्या दारानं सांगितलं नव्हतं, जिन्यानंही नाही. अंगात शाळेचा निळा स्वेटर. दप्तर नव्हतं. दोन्ही हात मोकळे होते, आणि डावा खांदा खाली होता. स्वेटरची लोकर तिथं चपटी झाली होती.

"आलीस?" टॅमराचा आवाज नेहमीसारखाच निघाला. तिनं कात्री फोटोखाली सरकवली, खुर्ची मागं घेतली आणि दोन्ही हात पुढं केले. "ये. माझ्यापाशी ये बघू."

ब्रिनलीनं पाऊल उचललं, आणि अर्ध्यात ठेवलं. मग तिनं मान वळवली, डावीकडे, जरा मागं आणि वर, मोठ्या माणसाला विचारताना मुलं बघतात तशी, आणि उत्तर मिळेपर्यंत बघत राहिली.

"आत्ता नको, आई," ती म्हणाली.